आसमानी पहिलवानाचा शेवटचा भाग

कावळा काही केल्या येईना.

मोर्णा नदीच्या काठावर पिंड ठेवून बराच वेळ झाला होता. ऊन चढलं. जमलेली माणसं आधी उभी होती, मग उकिडवी बसली, मग काहींनी चपला काढून त्यांच्यावरच बसकण मारली. कावळे नव्हते असं नाही. पलीकडच्या बाभळीवर पाच-सहा बसलेले होते, पण इकडे बघायला तयार नव्हते. जेवणाच्या सुट्टीनंतर सरकारी कचेरीत कारकून बसतात तसे ते बसले होते. शेषराव गावंडे स्वतः अकोल्याच्या बांधकाम खात्यात कारकून असल्यामुळे ही बसण्याची तऱ्हा त्यांच्या ओळखीची होती. आता हे लवकर उठत नाहीत, हे त्यांनी ओळखलं.

"इच्छा राहिली असंन बाईची," भटजी म्हणाले. "बोला कोणीतरी. शब्द द्या."

पहिला शब्द शेषरावांच्या गेलेल्या बायकोच्या, कौशल्याच्या थोरल्या भावाने, हिवरखेडच्या देवरावांनी दिला. दोन्ही हात जोडून ते म्हणाले, "कौशल्ये, तुह्या लेकीची, शकुनची काळजी करू नको. पुढंमागं तिचं बाळंतपण मी माह्या घरी करीन." कावळे हलले नाहीत. देवरावांनी घसा खाकरून बैलजोडी, मग आंब्याचं झाड, आणि शेवटी आवाज बराच उतरवून वावरातला एक तुकडाही शकुनला देऊन टाकला. आवाज इतका उतरला होता की कावळ्यांना ऐकू गेला नसावा.

मग शेजारचे किसनराव पुढे झाले. "वहिनी, तुमचा पाटा-वरवंटा आमच्या घरी आहे. आज संध्याकाळपर्यंत आणून देतो." यावर एक कावळा उडाला, सगळ्यांनी श्वास धरला, आणि तो पुढच्या बाभळीवर जाऊन बसला.

शेषराव सकाळपासून काही बोलले नव्हते. खरं म्हणजे दहा दिवसांत ते फारसं बोललेच नव्हते. त्यांच्या घरात बोलणं कौशल्या सुरू करायची आणि ते फक्त विरोध करायचे. आता विरोध तरी कशाला करायचा? ते उठले, पिंडाजवळ गेले आणि हळूच म्हणाले,

"कौशल्या, थो पहिलवान कोण होता, थे मी पाहीन. सोताच्या डोळ्यानं पाहीन अन् तुले सांगीन."

बाभळीवरून एक कावळा सरळ खाली आला. पिंडाला चोच लावली, वर पाहिलं, पुन्हा चोच लावली.

"कोणता पहिलवान?" देवरावांनी विचारलं. मग सगळ्यांनीच विचारलं. कोणत्याही माणसाच्या घरात असा कोणी पहिलवान असावा आणि तो दहाव्याच्या दिवशी निघावा, हे बरं दिसत नाही. म्हणून शेषरावांना नदीच्या काठावर, ओल्या धोतराने, सगळी हकिकत सांगावी लागली.

हकिकत अशी. लग्न झाल्यावर शेषरावांची बदली पातूरला झाली. तिथे एकदा तंबूतला सिनेमा आला. त्यात 'आसमानी पहिलवान' नावाचा बारा भागांचा खेळ होता, दर आठवड्याला तीन भाग. नायक बुरखा घालून उडायचा. अंगावर घट्ट पायजमा, त्यावर लाल लंगोट, पाठीवर चादर. चादरीची एक कोर विटलेली होती, ती अकराव्या भागापर्यंत तशीच विटलेली राहिली. तो उडायचा तेव्हा त्याच्या कमरेचा दोर गावातल्या आंधळ्यालाही दिसला असता. एकदा तर मागचा डोंगर त्याच्या अंगावर पडला आणि खलनायकाने तो हाताने सावरून धरला, कारण खेळ पुढे चालायला हवा होता. कौशल्या पदर तोंडात कोंबून हसायची. डोळ्यांतून पाणी यायचं. घरी येतानाही रस्त्यात मध्येच थांबून हसायची.

पण बुरख्यामागे कोण आहे हे काही कळत नव्हतं. ते बाराव्या भागात कळणार होतं. राजवाड्यात एक देखणा डॉक्टर होता आणि एक लंगडा खानसामा होता. शेषराव म्हणत, डॉक्टरच. राजकन्येचं लग्न काय खानसाम्याशी लागणार आहे? कौशल्या म्हणायची, खानसामा. "हात पाहा त्याचे. थे हात पीठ मळणाऱ्याचे आहेत. डॉक्टरचे हात असे राहतेत का?" बाराव्या भागाला दोघं निघाले आणि तंबूच्या दारातच कौशल्याला कळा सुरू झाल्या. शकुन झाली. दुसऱ्या दिवशी शेषराव तंबूच्या जागी गेले, तर तिथे फक्त खुंट्यांची भोकं होती. तंबू रातोरात निघून गेला होता.

त्यानंतर बावीस वर्षं या घरात तो वाद चालू होता. भाजीत मीठ जास्त झालं की शेषराव म्हणायचे, "तुझा खानसामा असता तर राजा पहिल्याच भागात मेला असता." शेषरावांना ताप आला की ती म्हणायची, "बोलवा तुमच्या डॉक्टरले, उडत येईन." त्यात आता एकच बाजू उरली होती. एका बाजूने वाद घालता येत नाही. शेषरावांनी एक-दोनदा प्रयत्न करून पाहिला होता.

मोर्णेवरून परत येईपर्यंत ही गोष्ट माणसांच्या आधी गल्लीत पोहोचली. समोरच्या सुंदराबाई फाटकातच उभ्या होत्या.

"भावजी, मी सांगते ना, खानसामाच. कौशल्याबाई उगाच काही बोलणाऱ्या नव्हत्या."

"तुमी पाह्यला का खेळ?"

"मी काहून पाहू? पण बाईमाणसाले कळते."

किसनरावांनी मात्र डॉक्टरची बाजू धरली. त्यांनी पूर्वी पहिला आणि पाचवा भाग पाहिला होता, त्यामुळे गल्लीत ते या विषयातले जाणकार ठरले. आठ दिवसांत गल्लीचे दोन भाग झाले. ज्यांनी सिनेमा कधी पाहिला नव्हता त्यांची मतं सगळ्यांत पक्की होती. शेषराव सायकलवरून कचेरीत निघाले की मागून आवाज यायचा, "पहिलवान चालले गा!" कचेरीत साहेबांनीही एकदा, फाईलवर सही करता करता, वर न बघता विचारलं, "काय गावंडे, लागला का त्या माणसाचा पत्ता?" तीस वर्षं निष्कलंक नोकरी केलेल्या माणसाला हे लागतं. शेषरावांना लागलं. पण नदीवर शब्द दिला होता, आणि कावळ्याने तो सगळ्यांदेखत स्वीकारला होता.

देवराव तर हिवरखेडहून दर बाजाराच्या दिवशी निरोप पाठवायचे. "वर्षश्राद्धाच्या आत झालं पाहिजे जवाईबुवा. नाहीतं बहीण माही अडकून राहीन." वावराचा तुकडा द्यायचा वाचला म्हणून त्यांचा या कामातला उत्साह दुप्पट होता.

पावसाळा संपल्यावर शेषराव अमरावतीला गेले. सगळ्या वऱ्हाडाच्या फिल्मच्या पेट्या अमरावतीतूनच निघतात, हे त्यांना ठाऊक होतं. लेक तिथेच दिलेली होती, त्यामुळे उतरायची सोय होती. वितरकांच्या ऑफिसांची गल्ली त्यांनी एका टोकापासून धरली. कुठे पौराणिक, कुठे सामाजिक. शेवटी एका जुन्या ऑफिसात, जिन्याखाली बसलेल्या कारकुनाने चष्मा वर केला.

"आसमानी पहिलवान? लय जुना माल मागून राहिले. तुमचं थिएटर कोणतं?"

"थिएटर नाही."

"तंबू?"

"तंबूही नाही."

"मग दाखवाल कोणाले?"

"माझ्या मिसेसले."

"मग त्याहिले इथंच आणा ना. मागच्या खोलीत दाखवून देऊ."

"त्या वारल्या."

कारकुनाने चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. शेषरावांकडे नीट पाहिलं. माणूस स्वच्छ कपड्यातला, बोलतो शांत, हातात छत्री. त्याने हळूच समोरची जड दौत स्वतःच्या बाजूला ओढून घेतली.

शेषरावांनी मग कावळ्यापासून सगळं सांगितलं. ऐकून घेतल्यावर त्या कारकुनाचा जीव भांड्यात पडला आणि त्याने चहा मागवला. तोही विधुर निघाला. त्याच्या बायकोच्या पिंडाला कावळा लगेच शिवला होता, आणि आजवर त्याचं त्याला वाईट वाटत होतं. "म्हणजे तिले काही राहिलंच नव्हतं, नाहीतं माह्यावर भरवसाच नव्हता," तो म्हणाला. त्याने सांगितलं की त्या खेळाची एकच प्रत शिल्लक आहे, ती पंजाबराव नावाच्या तंबूवाल्याने केव्हाच विकत घेतली, आणि पंजाबराव सध्या मेळघाटात धारणीकडे फिरतो आहे.

धारणीला जायचं म्हणजे आधी बस, मग घाट, मग बसच्या ड्रायव्हरची मर्जी. बस घाटात बिघडली. पुढचा रस्ता शेषराव एका जीपमध्ये, तीन माणसं, एक पाणी भरायचं पिंप आणि एक बकरी यांच्यासोबत गेले. बकरीला त्यांची छत्री आवडली. धारणीला उतरले तेव्हा छत्रीला दांडा आणि तारा तेवढ्या शिल्लक होत्या, पण ती त्यांनी बगलेतून सोडली नाही. माणसाला परगावी काहीतरी हातात लागतं.

पंजाबराव तंबूमागे इंजिन उघडून बसला होता. काटकुळा, उंच, कोपरापर्यंत काळा.

"बाबूजी, खेळ बंद आहे. इंजिनाचा पट्टा तुटला. सामान अमरावतीहून येईन तेव्हा येईन."

शेषरावांनी काम सांगितलं. पंजाबराव मोठ्याने हसला. "एवढ्यासाठी इतक्या दूर आले? अरे बावा, थो कोण होता थे मी आत्ता सांगतो. थो होता..."

शेषरावांनी दोन्ही कानांत बोटं घातली आणि डोळेही मिटले. डोळे मिटण्याची काही गरज नव्हती, पण त्या घाईत तेही मिटले गेले.

"सांगू नका! पाहीन असा शब्द दिला आहे. ऐकीन असा नाही."

पंजाबरावाने हातातला पाना खाली ठेवला. आयुष्यभर माणसं त्याच्या तंबूत फुकट घुसायला कनात फाडत आली होती. फुकट मिळणारी गोष्ट नको म्हणणारा पहिलाच माणूस भेटला होता. त्याने हात पुसले आणि म्हणाला, "होळीच्या आधी मी खाली मैदानात येतो. जागा अन् परवानगी तुमी पाहा, खेळ मी आणतो."

जागा देवरावांनी लगेच दिली. हिवरखेडला, त्यांच्याच खळ्यात. बहिणीचं माहेर, तिथेच तिचं काम व्हावं. राहिली परवानगी. शेषरावांना वाटलं, हे तर आपल्या घरचं काम. त्यांनी तालुक्याच्या कचेरीत स्वतःच्या सुंदर अक्षरात अर्ज दिला. तो तिसऱ्या दिवशी परत आला. वर तांबड्या शाईत एवढंच होतं: 'कार्यक्रम धार्मिक की करमणुकीचा, याचा खुलासा व्हावा.'

शेषराव तो शेरा पाहत बसले. तीस वर्षं त्यांनी स्वतः लोकांचे अर्ज अगदी याच शेऱ्याने परत पाठवले होते. हा शेरा बाहेरून कसा दिसतो हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं.

ते स्वतः गेले. टेबलामागे एक तरुण कारकून होता, शकुनच्या वयाचा.

"धार्मिक म्हणाल तर कीर्तन, प्रवचन काय ते लिहा," तो म्हणाला. "करमणूक म्हणाल तर कर लागेल, तिकिटं लागतील."

"श्राद्धाचाच भाग आहे तो."

"श्राद्धात पहिलवान कुठं बसतो?"

"अहो, मृताची इच्छा..."

"मृताचा अर्ज आहे का?"

हा प्रश्न शेषरावांना स्वतःला कधी सुचला नव्हता, याचं त्यांना थोडं वाईट वाटलं. मुलगा हुशार होता, पुढे जाणार होता. शेवटी त्यानेच मार्ग काढला. तिसरा एक प्रकार होता, शैक्षणिक. आधी शेतीखात्याची एखादी फिल्म दाखवायची, तिच्यामागून काय दाखवलं ते कोणी विचारत नाही. तेवढ्यासाठी कपाशीवरच्या बोंडअळीची फिल्म मागवण्यात आली. ती आणायला किसनराव गेले आणि जाताना गल्लीतल्या बऱ्याच लोकांना हिवरखेडचं आमंत्रण देऊन गेले. शेषरावांना वाटलं होतं, घरचे चारजण बसतील, शांतपणे पाहतील. तो बेत तिथेच संपला.

खेळाच्या दिवशी पंजाबरावाने हिवरखेडच्या खळ्यात तंबू ठोकला आणि दुपारपासून बैलगाड्या लागल्या. अकोल्याची गल्ली वेगळ्या मोटारीने आली होती, सुंदराबाई सगळ्यांत पुढे. शकुन अमरावतीहून आली होती. कौशल्याच्या माहेरच्या गावात डॉक्टरच्या बाजूचं कोणी मिळणं शक्यच नव्हतं. सगळं गाव खानसाम्याच्या बाजूचं. डॉक्टरच्या बाजूला किसनराव, मोटारीचा ड्रायव्हर आणि कागदोपत्री शेषराव.

देवरावांनी पहिल्या रांगेच्या मध्यावर एक रिकामी खुर्ची ठेवली होती. किसनराव आले आणि धोतराचा सोगा सावरत तिच्यावर बसले.

"उठ गा!" देवराव ओरडले. "माह्या बहिणीची जागा आहे थे!"

किसनराव असे उठले की खुर्ची दोन हात मागे गेली. त्यानंतर ते पूर्ण खेळभर उभेच राहिले, आणि दर थोड्या वेळाने मान वळवून त्या खुर्चीकडे पाहत राहिले.

दिवेलागणीला खेळ सुरू झाला. आधी बोंडअळी आली. पडद्यावर ती एवढी मोठी दिसत होती की पुढची मुलं मागे सरकली. मोठे मात्र खवळले. "इले तं आमी रोज पाहून राहिलो, फुकट!" एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "इचा बुरखा काढा अन् मोकळं करा!" सरकारी आवाज फवारणीबद्दल समजावत होता आणि लोक त्याला उलट फवारणी समजावत होते. शेषराव मात्र बोंडअळीकडे डोळे लावून बसले होते. ती संपू नये असं त्यांना वाटत होतं.

कारण त्यांना एक गोष्ट आत्ता, त्या खळ्यात, रिकाम्या खुर्चीशेजारी बसल्यावर कळली होती. इतके महिने ते पहिलवान कोण हे शोधत धावले, पण त्यात जिंकलो तर काय, याचा विचारच त्यांनी केला नव्हता. डॉक्टर निघाला तर? तर तिला जाऊन सांगायचं, बाई, तू बावीस वर्षं चुकत होतीस. तिला उलट बोलता येणार नाही अशा वेळी. आणि खानसामा निघाला तर सगळं मिटलं. तिचं खरं झालं, वाद संपला. मग पुढे? घरी गेल्यावर काय बोलायचं? कोणाशी?

ते उठले आणि यंत्राजवळ गेले.

"पंजाबराव, एक विनंती होती. शेवटी... फिल्म तुटली तर?"

"बाबूजी, ही फिल्म तुटाले विनंती लागत नाही. न तुटाले लागते."

"म्हणजे बुरखा निघायच्या आधी तुटली तर चालेल मले."

पंजाबरावाने त्यांच्याकडे पाहिलं. "तुमी धारणीले येऊन कानांत बोटं घातले, इतके हाल काढले, अन् आता पाहायचं नाही?"

"पाहायचं आहे. पण भेव लागते."

"मंग जाऊन बसा," पंजाबराव म्हणाला, "अन् भेऊ नका." हे तो जरा विचित्र हसून म्हणाला, आणि आपल्या माणसांना त्याने हाताने काहीतरी खूण केली. ती कसली खूण होती, हे शेषरावांना तेव्हा कळलं नाही.

पहिलवान आला. तोच लाल लंगोट, तीच चादर, आणि बारा भाग एकापाठोपाठ. फिल्म इतकी झिजली होती की पडद्यावर सतत पाऊस पडत होता, राजवाड्यातसुद्धा. आवाज मागे पडला होता. राजकन्या तोंड उघडायची तेव्हा खलनायकाचं हसू ऐकू यायचं, आणि खलनायक हसायचा तेव्हा राजकन्या "प्राणनाथ" म्हणायची. माणसं पोट धरून हसत होती. पहिलवान उडाला तेव्हा दोराला पीळ पडला आणि तो हवेत गोल गोल फिरत शत्रूवर गेला, पाठ करूनच. शकुन तोंडात पदर कोंबून हसत होती, डोळ्यांत पाणी. शेषरावांनी तिच्याकडे पाहिलं आणि पटकन पडद्याकडे नजर वळवली.

खलनायक मेला. राजाने तलवार पुढे केली. म्हणाला, हे वीरा, आता तोंड दाखव. खानसाम्याच्या बाजूचे पुढे वाकले. किसनरावांनी ड्रायव्हरचा हात धरला. पहिलवानाने दोन्ही हात वर नेले, गाठ सोडली आणि बुरखा काढला.

समोर एक माणूस होता. गोल चेहरा, भरघोस मिशा, कपाळ मोठं. डॉक्टर नाही. खानसामाही नाही. बारा भागांत कुठेही, कोणत्याही कोपऱ्यात दिसला नव्हता असा माणूस. राजाने त्याला मिठी मारली. राजकन्येने माळ घातली, जराशी दचकूनच. बाजूला डॉक्टर आणि खानसामा दोघंही टाळ्या वाजवत उभे होते. 'समाप्त.'

"हा कोण व?" सुंदराबाईंनी विचारलं.

मग खळं उसळलं. "फसवलं!" "कोण आहे थो?" "परत लावा!" "लावूच नका!" देवराव पडद्याकडे धावले, जणू तो मिशीवाला तिथे मागे लपून बसला असावा. किसनराव छातीठोक सांगत होते की हा पाचव्या भागात होता, कोणीतरी त्यांना खाली बसवलं. एवढ्यात लक्षात आलं की पंजाबरावाची माणसं बाहेरून खुंट्या उपटत आहेत. निम्मी कनात उतरली होती. इंजिन गाडीवर चढलंही होतं.

"बाबूजी, आमाले जाऊ द्या," पंजाबराव घाईने पेट्या बांधत म्हणाला. "दरवर्षी, दर गावात हेच होते. बारावा भाग लावला की तंबू तेव्हाच उचलावा लागते. एका गावी थांबलो होतो, तं लोकाहीनं मलेच पडद्यावर चढवलं."

"पण थो मिशीवाला कोण?"

"देव जाणे! पैसे दिले नसतील म्हून असली पहिलवान पळाला म्हणतेत. कोणी म्हणते मालकाचा साळा होता. मी तं धारणीले हेच सांगत होतो तुमाले, थो कोणीच नव्हता!"

म्हणजे पातूरलाही हेच झालं असणार. रातोरात गेलेला तंबू, ती भोकं. त्या संध्याकाळी कळा सुरू झाल्या नसत्या, तर दोघंही असेच तोंड वासून बसले असते, आणि वाद तेव्हाच संपला असता. बावीस वर्षांचा एवढा मोठा वाद त्यांना मिळालाच नसता.

शेषराव हसायला लागले. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग त्यांना खुर्चीच्या पाठीचा आधार घ्यावा लागला. वर्षभर कोणी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे गलका हळूहळू बंद झाला. माणूस हसतो आहे की दुसरं काही, हे लोकांना कळेना.

"जवाईबुवा," देवराव जवळ येऊन घाबरत म्हणाले, "आता काय सांगता माह्या बहिणीले?"

शेषरावांनी डोळे पुसले. त्या खुर्चीकडे वळून, घरी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बोलायचे त्या आवाजात ते म्हणाले, "कौशल्या, दोघंही हारलो. मालकाचा साळा निघाला."

आणि मग त्यांना भूक लागली. सपाटून लागली. देवरावांच्या घरी त्यांनी पिठलं-भाकर खाल्ली, वर आणखी अर्धी मागितली. वाढणाऱ्या बाईने ती आनंदाने वाढली आणि पुन्हा विचारलं, पण खरंच कोण होता तो? पंगतीत लगेच दोन बाजू पडल्या.

सकाळच्या मोटारीने शेषराव आणि शकुन अकोल्याला निघाले. बराच वेळ दोघं खिडकीतून कपाशीच्या वाळलेल्या पळाट्या बघत बसले होते.

"बाबा," शकुन म्हणाली, "थो राजाचा माळी असंन."

"कोण?"

"मिशीवाला. बगीच्यात राहत असंन, म्हून आपल्याले दिसला नाही."

"माळी?" शेषराव तिच्याकडे पूर्ण वळले. "अगं, माळी कसा असंन? माळ्याले तलवार कोण शिकवीन?"

"काहून? बागेत काय कमी कापाकापी राहते?"

"थो सेनापती होता. युद्धावर गेलेला. शेवटी परत आला."

"कोणतं युद्ध? बारा भागांत एक तरी युद्ध होतं का?"

"दाखवलं नाही म्हणून झालं नाही का? पैसे नसतील त्यांच्याकडे युद्धाले!"

"पैसे नसतील तं माळीच असंन. माळी स्वस्त पडते."

पुढच्या बाकावरचा एक शेतकरी मागे वळला आणि म्हणाला की त्याच्या मते... पण शेषरावांनी हात वर करून त्याला थांबवलं. हा घरचा प्रश्न होता.

"शकुन," ते आवाज चढवून म्हणाले, "तू साफ चूक आहेस!"

कंडक्टरने तिकिटं फाडता फाडता इकडे पाहिलं. म्हातारा माणूस लेकीवर एवढा ओरडतो, आणि चेहरा असा की जणू आत्ताच कोणी त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरवून खाली ठेवलं आहे.